रफू की ठिगळ?

गावच्या जुन्या घराचं काय करायचं, हा विषय निघाला की कुठल्याही कोकणी कुटुंबात दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, पाडा आणि स्लॅबचं बांधा. कौलं परतायला माणूस मिळत नाही, वाशांना वाळवी लागलीय, पावसाळ्यात दहा ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात. दुसरा पक्ष म्हणतो, एका चिऱ्यालाही हात लावू नका, आजोबांच्या वेळी होतं तस्सं परत उभं करा. गंमत अशी की दुसऱ्या पक्षातली बहुतेक मंडळी त्या घरात वर्षातून पाच दिवस राहतात, गणपतीचे. आणि पहिल्या पक्षातली बरीचशी बाराही महिने.

मी दोन्हीकडे बसत नाही. इथे येणाऱ्या नातेवाइकांना ते ठाऊक आहेच. आमचा विषय अजून घरच्या ग्रुपवरच फिरतोय, कोणी कुदळ उचललेली नाही. तोवर आपलं म्हणणं एकदा सलग लिहून काढावं, म्हणून हा प्रपंच. बाकीच्या ब्लॉगमित्रांनी आपापलं गावचं घर डोळ्यांपुढे आणून वाचावं.

तर म्हणणं असं. फाटलेलं कापड नीट करायच्या दोन रीती आपल्याकडे आहेत, रफू आणि ठिगळ. रफूची सगळी कारागिरी न दिसण्यात. कापड कधी फाटलंच नव्हतं असं वाटलं, की रफूगार जिंकला. ठिगळ तसं नाही. ते उघड सांगतं की इथे फाटलं होतं, हा तुकडा दुसरा आहे, नंतरचा आहे. ठिगळ म्हटलं की आपल्याला गरिबी आठवते, पण गोधडी म्हटलं की तीच गोष्ट एकदम गोड वाटायला लागते! जुनी घरं दुरुस्त करताना आपण रफूच्या मागे लागतो, आणि रफू जमलं नाही की वैतागून कापडच फेकून देतो. मला वाटतं, घराला ठिगळ लावावं. चांगलं, मजबूत, आजच्या काळाचं ठिगळ. आणि ते दिसू द्यावं.

हे बोलायला सोपं वाटतं, म्हणून एक प्रत्यक्ष झालेलं उदाहरण सांगते. उदाहरण लांबचं आहे, पण कामाचं आहे.

इंग्लंडमध्ये वॉरिकशर परगण्यात, ननीटन शहराजवळ अ‍ॅस्टली कॅसल नावाचं घर आहे. नाव कॅसल असलं तरी तो काही डोंगरी किल्ला नव्हे. भोवती खंदक, थोडीशी तटबंदी आणि आत राहतं घर. आपल्याकडच्या देशमुखांच्या गढीची आठवण यावी असं. तटबंदी करायची परवानगी 1266 सालातली. पुढच्या शतकांत त्यात भर पडत गेली, पंधराव्या शतकातला एक भाग, सतराव्या शतकातला एक भाग. इंग्लंडच्या तीन राण्यांचा या घराशी संबंध आला, त्यातली एक म्हणजे 1553 साली नऊ दिवसांची राणी ठरलेली लेडी जेन ग्रे. पुढे विसाव्या शतकात तिथे हॉटेल झालं आणि 1978 मध्ये आग लागून घर आतून जळून गेलं. छप्पर गेलं, मजले गेले. मग पाऊस, झाडोरा, कोसळणाऱ्या भिंती. असं ते जवळपास तीस वर्षं पडून होतं.

लँडमार्क ट्रस्ट नावाची एक संस्था तिकडे आहे. सर जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नीने ती 1965 मध्ये सुरू केली. पडायला आलेल्या जुन्या वास्तू घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि सुट्टीत राहायला भाड्याने द्यायच्या. त्या भाड्यातून त्यांची देखभाल चालते. या संस्थेने अ‍ॅस्टलीला हात घातला तेव्हा एक गोष्ट स्पष्ट होती. होतं तसं उभं करणं व्यवहारात बसणारं राहिलं नव्हतं. इतकं काही नाहीसं झालं होतं, की 'जसंच्या तसं' म्हणजे बरंचसं नव्याने बांधणं, आणि तेही अंदाजाने. म्हणून त्यांनी वास्तुरचनाकारांची स्पर्धा घेतली आणि या अवशेषाच्या आत आजचं घर कसं बसेल ते दाखवा, असं सांगितलं. विदरफर्ड वॉटसन मान या लंडनच्या फर्मची कल्पना निवडली गेली. 2012 मध्ये काम पुरं झालं आणि 2013 मध्ये त्याला स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. ब्रिटनमधला हा वास्तुरचनेचा सगळ्यात मानाचा पुरस्कार. तो एरवी नव्याकोऱ्या मोठ्या इमारतींना जातो. इथे तो एका जळक्या गढीतल्या आठ माणसांच्या घराला मिळाला.

काय केलं त्यांनी? तुटलेल्या भिंतींच्या कडा छाटून सरळ केल्या नाहीत. दगड जिथे जसा वेडावाकडा तुटला होता, तिथपर्यंत नव्या विटांचं काम नेऊन भिडवलं. वीट नुसती भोक बुजवायला नाही. डळमळत्या जुन्या भिंतींना बांधून धरण्याचं कामही तीच करते. दगड कुठे संपतो आणि वीट कुठे सुरू होते हे लहान मुलालाही दिसतं, पण डोळ्यांना खुपत नाही, कारण विटेचा रंग आणि पोत दगडाशी जमवून घेतलाय. झोपायच्या खोल्या खाली ठेवल्या, आणि स्वयंपाक, जेवण, बैठक वरच्या मजल्यावर नेली, कारण उजेड आणि खंदकापलीकडचा देखावा वर आहे. जुन्या वाड्याची रीत याच्या उलट असणार. पण आज राहणाऱ्याला ते सोयीचं.

आणि सगळ्यात मला आवडलेलं म्हणजे, त्यांनी सगळं घर परत छपराखाली आणलंच नाही. पंधराव्या आणि सतराव्या शतकातले भाग उघडे ठेवलेत. भिंती आहेत, खिडक्यांच्या जागा आहेत, वर आकाश. आत शिरताना तुम्ही त्या बिनछपराच्या दालनांतून जाता. जेवढं घर लागतं तेवढंच घर केलं, बाकीचं अंगण झालं. सगळं वाचवायच्या हट्टापायी काहीच न वाचण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं!

यामागे दीडेकशे वर्षांचा एक वाद आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक नावाचा नामांकित वास्तुरचनाकार होता. त्याचं मत असं, की वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे तिला पूर्णत्वाला नेणं, मग तसं पूर्णत्व तिला प्रत्यक्षात कधी लाभलेलं नसलं तरी चालेल. हे झालं रफूच्याही पुढचं, फाटलेल्या सदऱ्याला कधी नसलेली जरीची कॉलर लावणं. याच्या उलट बाजूला इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस. त्याने 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्थाच काढली आणि म्हटलं, की जीर्णोद्धाराच्या नावाखाली चाललेली ही खोटी जुनी घरं पुरेत. रोजची निगा राखा, गळतं तिथे बुजवा, टेकू लागत असेल तर सरळ टेकू द्या आणि तो टेकू म्हणूनच दिसू द्या. पुढे 1964 च्या व्हेनिस सनदेत हीच गोष्ट नियमासारखी आली. जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवा. बदललेला भाग मूळ वास्तूशी मेळ खाणारा असावा, पण नंतरचा आहे हे ओळखू यावं.

आता तुम्ही म्हणाल, राण्यांच्या गढीचं आमच्या चौसोपी घराला काय? गढीत आणि कोकणातल्या घरात फरक आहेच. पण मूळ दुखणं एकच. घर पोटापेक्षा मोठं झालंय. इंग्लंडमध्ये जमिनीचं उत्पन्न घटलं, कर वाढले, नोकरचाकर गेले, आणि विसाव्या शतकात तिकडे अशी शेकडो घरं पाडली गेली. इतकी, की 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या पाडापाडीवर एक प्रदर्शनच भरलं होतं. आपल्याकडे 1949 च्या कायद्याने खोती गेली, पाठोपाठ कूळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांकडे गेल्या. ते योग्यच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या उत्पन्नावर आणि ज्यांच्या फुकट राबण्यावर ती मोठी घरं उभी होती, ते उत्पन्न आणि ते राबणं संपलं. घरं मात्र तेवढीच राहिली. कर्ती माणसं मुंबईला गेली आणि घर मनिऑर्डरीवर आलं.

'जसंच्या तसं' म्हणणाऱ्यांना म्हणूनच माझा पहिला प्रश्न आहे, कधीचं तसं? दुसऱ्या पक्षाला ज्या लाल कौलांचा एवढा जिव्हाळा, ती मंगलोरी कौलं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला 1865 मध्ये. त्याआधी आपल्याकडे नळे असायचे, नाहीतर गवताचं छप्पर. म्हणजे आपण जिला परंपरा म्हणतो ती एके काळी कारखान्यातून आलेली, साच्यात काढलेली, समुद्रमार्गे आणलेली आधुनिक वस्तू होती. आपल्या पणजोबांनी ती बघितली, हलकी आहे, कमी गळते, शाकारणी कमी लागते हे ओळखलं आणि नळे उतरवले. तेव्हाही कोणीतरी म्हाताऱ्याने नाक मुरडलं असेल. खिडक्यांच्या काचा तशाच, विजेचे दिवे तसेच. घर दर पिढीला बदलत आलंय. आपल्याच पिढीने ते गोठवायचं का ठरवलंय?

पण याचा अर्थ पहिला पक्ष बरोबर असाही नाही. जुनं घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, ती एक चालती व्यवस्था असते. ती कशी चालते हे न समजता नवं घुसवलं की घर मरतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभ्याची, मातीत किंवा चुन्यात बांधलेली भिंत ओल पिते आणि पाऊस सरला की सावकाश सोडते. चुन्याचा गिलावा तिला सोडू देतो. त्याच भिंतीवर टिकाऊ म्हणून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते. दोन-चार पावसाळ्यांत भिंत फुगते, पोपडे सुटतात आणि पोपड्याबरोबर चिऱ्याचा पृष्ठभागही येतो. मग लोक म्हणतात, बघा, जुनं घर आता टिकत नाही. जमिनीचंही तेच. खाली शेणाने सारवलेली जमीन होती, ती सगळीकडून ओल सोडायची. तिच्यावर सिमेंट ओतून चकचकीत टाइल्स बसवल्या की खालची ओल वाट शोधत भिंतीत चढते.

चुलीचंही तसंच. जुने सुतार सांगतात, धुराने वासे काळे व्हायचे पण किडायचे नाहीत. गॅस आला, बायकांची फुप्फुसं वाचली, फार चांगलं झालं. पण वाशांचं रक्षण करणारं कोणीतरी गेलं, त्याच्या जागी दुसरी योजना करायला हवी होती, ती केली गेली नाही. आपण एक गोष्ट काढतो तेव्हा ती आणखी कोणतं काम मुकाट्याने करत होती, हे बघत नाही. आजच्या काळाची दृष्टी म्हणजे मला आधी हे बघणं वाटतं. काच, स्टील आणि राखाडी रंग ही फार नंतरची गोष्ट.

आणि हे खोटं जुनं! हल्ली कोकणच्या वाटेवर बघा. सिमेंटच्या खांबांना सागवानी रंग, फॉल्स सीलिंगला चिकटवलेल्या पोकळ तुळया, भिंतीवर बैलगाडीचं चाक, कोनाड्यात एलईडी आणि दारात रांजण, ज्यात पाणी नाही. बाजूला चारशे वर्षं न लागो, पण शंभर वर्षं जुनं खरं घर मोडून पडतंय आणि त्याचेच खांब उचलून इथे शोभेला लावलेत. याला वारसा म्हणतात. मला त्यापेक्षा सरळ स्लॅबचं घर परवडलं. ते निदान आपण कोण आहोत हे लपवत नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते काही नातेवाइकांना लागेल. तरी लिहिते.

आपलं घर कोणासाठी बांधलं होतं? नकाशा बघा. पुढे ओटी, हवेशीर, उजेडाची, झोपाळ्याची. तिथे पुरुष बसायचे. त्यातही सगळे नाही. कोणी ओटीवर यायचं, कोणी पडवीपर्यंत आणि कोणी अंगणातच उभं राहायचं, हे जातीवरून ठरलेलं होतं. मधे माजघर, त्याला बहुतेक घरांत बाहेरची एकही खिडकी नाही. भर दुपारी दिवा लावावा लागेल असा अंधार. तिथे बायका. त्याला लागून बाळंतिणीची खोली, ती तर आणखी काळोखी. मागे धुराने भरलेलं स्वयंपाकघर. चार दिवस बाजूला बसायची जागा मागच्या पडवीत. न्हाणी बाहेर, संडास त्याहून लांब, रात्री कंदील घेऊन जायचं. दर आठवड्याला एवढी मोठी जमीन सारवायची ती कोणी, हे सांगायला नको.

'आजोबांच्या वेळी होतं तसं' हे वाक्य म्हणूनच नेहमी आजोबांच्या नावाने येतं. आजीच्या वेळी होतं तसं करा, असं मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ओटीवरून बघितलं तर ते घर फार सुंदर आहे. माजघरातून बघितलं तर तितकंसं नाही. आणि जीर्णोद्धाराचे ठराव ओटीवर बसून होतात.

म्हणून मला माजघराला खिडकी हवी आहे. चांगली मोठी, बसल्यावर बाहेरचं दिसेल अशी. आणि माझा हट्ट असा आहे की ती खिडकी ओटीच्या खिडक्यांची नक्कल नसावी. तेच कोरीव गज, तशीच चौकट, तसंच काळं पॉलिश नको. साधी, आजची, सरळ चौकट. चिरा कापलेला दिसू दे. कारण आपण ती जुन्यासारखी केली तर पन्नास वर्षांनी आपली नातवंडं म्हणतील, किती छान, आपल्या पूर्वजांनी बायकांच्या खोलीलाही खिडकी ठेवली होती! नव्हती ठेवली. आपण फोडली. हे त्या भिंतीवर वाचता आलं पाहिजे. सांधा दिसावा म्हणते तो शोभेसाठी नाही. लपवलेला सांधा घराविषयी खोटं सांगतो, आणि ते खोटं नेहमी त्याच माणसांच्या सोयीचं असतं.

याच कारणासाठी मला घर पाडायचंही नाही. पाडलं की तो अंधारही गेला आणि त्याची साक्षही गेली. नव्या बंगल्यात माजघर नसतं, म्हणून ते कधी होतं हेही कोणी विचारत नाही. जुनी भिंत ठेवून तिला खिडकी पाडली की दोन्ही गोष्टी राहतात, तेव्हा काय होतं आणि आपण काय बदललं.

आता कामाचं बोलू. माझ्या डोक्यात जे आहे ते थोडक्यात. गोठा कधीचा रिकामा आहे. न्हाणीघर आणि संडास तिथे करावेत, घरापासून सुटे, स्वतःच्या पायावर उभे, मधे छपराखालची वाट. मातीत बांधलेल्या भिंतीत पाण्याचे नळ घालू नयेत. एक गळका जोड वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही आणि तेवढ्यात भिंत बसते. विजेच्या वायरी भिंत खणून लपवण्यापेक्षा उघड्या पाइपातून सरळ रेषेत न्याव्यात. कुजलेल्या तुळईचं फक्त कुजकं टोक कापून नवं लाकूड जोडावं किंवा लोखंडी पट्टीचा आधार द्यावा, आणि नवं लाकूड नव्याच रंगाचं ठेवावं. काळं ते आपोआप होईल, त्याला घाई नाही. छपरात मधे मधे काचेची कौलं. गिलावा चुन्याचा. त्याला गवंडी मिळत नाही म्हणतात, पण जो मिळेल त्याला रोज द्यायची आपली तयारी असली तर मिळतो. ओटीला दोन पायऱ्यांऐवजी एका बाजूने उतार, कारण आपल्यातले निम्मे आता गुडघे धरून चढतात.

आणि पश्चिमेकडची ती पडलेली पडवी आणि तिच्यामागच्या दोन खोल्या, त्या परत बांधू नयेत. अ‍ॅस्टलीत केलं तसं, भिंती आहेत त्या उंचीवर पक्क्या कराव्यात, माथ्यावर पाणी मुरणार नाही अशी व्यवस्था करावी, आत माती भरून फुलझाडं लावावीत. बारा खोल्यांच्या घरात आज दोन माणसं राहतात. बारा खोल्या शाकारायचा खर्च आणि शक्ती कोणाकडे आहे? चार खोल्या नीट राहिल्या तर घर जगेल. बाराच्या बारा वाचवायला गेलो तर दर पावसाळ्यात एकेक जाईल.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, गावात लोक हसतील, पैसे संपले म्हणून अर्धवट सोडलं म्हणतील. म्हणू देत. पडक्या भिंतीत मोगरा फुलला की दोन वर्षांत त्यांनाही सवय होईल. दुसरा आक्षेप खर्चाचा. दुरुस्ती स्वस्त पडते असं मी म्हणणार नाही. कधी नव्या बांधकामाइतकाच खर्च येतो, शिवाय माणूस लक्ष ठेवायला लागतो. पण तो तुकड्यातुकड्याने करता येतो, यंदा छप्पर, पुढच्या वर्षी न्हाणीघर. पाडून बांधायला सगळे पैसे एकदम लागतात, आणि पाडल्यावर पैसे संपले तर हातात चौथराच उरतो.

तिसरा आक्षेप जास्त खरा आहे. अ‍ॅस्टलीत कोणीच कायम राहत नाही. ते सुट्टीचं घर आहे, भाडं भरणाऱ्यांचं. मग हे सगळं सौंदर्य शेवटी हौशी पाहुण्यांसाठीच का? आपल्याकडेही शेवट होमस्टेतच होणार का? होऊ शकतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. देखभालीचा पैसा कुठूनतरी यायलाच हवा, आणि लँडमार्कने सुमारे दोनशे वास्तू याच मार्गाने जगवल्यात. पण एक अट हवी. पाहुण्यांना दोन खोल्या दिल्या तर द्याव्यात, पण त्यांना जुनेपणा दाखवण्यासाठी घरातल्या माणसांनी जुन्या गैरसोयीत राहायचं, असं होता कामा नये. पाहुण्याला गंमत म्हणून चूल आणि घरच्या बाईला रोजची म्हणून चूल, यांत फार फरक आहे.

सात-बारावर किती नावं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येकाला मत आहे, आणि असावंच. पण मला वाटतं मतांना क्रम असावा. आधी जे तिथे बाराही महिने राहतात, कौलातून पाणी आलं की मध्यरात्री उठून बादली सरकवतात, त्यांचं. मग पैसे घालणाऱ्यांचं. मग आमच्यासारख्यांचं, ज्यांचा हक्क मुख्यतः आठवणींचा आहे. आठवणी खऱ्या असतात, पण त्यांना वाळवी लागत नाही, त्यामुळे त्यांना घाईही नसते.

तेव्हा या मे महिन्यात, कौलं परतायला उतरवाल तेव्हा, एक करू या. कोणाही रचनाकाराला बोलवायच्या आधी घराचं माप घेऊ, प्रत्येक खोलीचे फोटो काढू आणि कोणती भिंत कोणत्या पिढीची हे आठवेल तसं लिहून ठेवू. काका-काकू त्या घरात सलग चाळीस वर्षं राहिलेत. काकांचं म्हणणं ग्रुपवर आलेलं आहे, सविस्तर, क्रमांक घालून. काकूंना अजून कोणी विचारलेलं नाही. काकू, तुम्ही हे कोणाच्या तरी फोनवर वाचालच. माजघराची खिडकी नक्की कुठे हवी, विहिरीच्या बाजूला की आंब्याच्या? भिंतीवर खडूने एक फुली मारून ठेवा. बाकीचा वाद आम्ही त्या फुलीच्या पुढे घालू.